विश्लेषण : पडल्यावर कोपर चोळू नये, घट्ट बांधू नये, असे का सांगतात? हाताच्या या सांध्याची रचना कशी असते?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यात मे महिना म्हणजे आंब्यांचा आणि शाळा-आश्रमशाळांच्या सुट्टीचा महिना. पाड्यापाड्यांवरची मुले या दिवसांत झाडांवर असतात आणि त्यातली काही पडतातही. पडताना मूल आपसूक हात पुढे टेकते. तळहातावर आलेला भार मनगटातून वर चढतो आणि बऱ्याचदा कोपराच्या वर हाड मोडते. पुढच्या काही तासांत घरी काय केले जाते, यावर तो हात आयुष्यभर कसा चालेल हे ठरू शकते. ‘चोळू नका, ओढू नका, घट्ट बांधू नका’ हा डॉक्टरांचा सल्ला नुसता सावधगिरीचा नाही; त्यामागे कोपराची रचना आहे. ती समजून घेऊ.

कोपरात एकच सांधा असतो का?

बाहेरून पाहिले तर कोपर एकच सांधा वाटते. प्रत्यक्षात एकाच आवरणाच्या आत तीन सांधे असतात. दंडात एक हाड असते, त्याला ह्युमरस म्हणतात. कोपराखाली दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूचे रेडियस.

पहिला सांधा दंडाचे हाड आणि अल्ना यांचा. दंडाच्या हाडाचे खालचे टोक विहिरीवरच्या कप्पीसारखे, मध्ये खोलगट आणि कडांना उंच असते. त्याच्या ‘ट्रॉक्लिया’ या वैद्यकीय नावाचा मूळ ग्रीक अर्थही कप्पी असाच आहे. अल्नाचे वरचे टोक पान्याच्या जबड्यासारखे या कप्पीला धरून बसते. त्यामुळे हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा एकाच दिशेत उघडतो आणि मिटतो.

दुसरा सांधा दंडाचे हाड आणि रेडियस यांचा. कप्पीच्या शेजारी दंडाच्या हाडाला एक गोलसर उंचवटा असतो. रेडियसचे डोके वरून किंचित खोलगट, छोट्या वाटीसारखे असते आणि ते या उंचवट्यावर टेकते. तिथे ते पुढे-मागे सरकू शकते आणि स्वतःभोवती फिरूही शकते.

तिसरा सांधा अल्ना आणि रेडियस यांचा आपसातला. रेडियसच्या डोक्याभोवती चिवट तंतूंचे एक कडे असते, ते अल्नाला घट्ट जोडलेले असते. त्या कड्यात रेडियसचे डोके बेअरिंगमधल्या दांड्यासारखे फिरते.

कोपर किती वाकते आणि कुठे थांबते?

हात सरळ असताना कोन शून्य धरला, तर निरोगी कोपर साधारण १४० ते १५० अंशांपर्यंत वाकते. वाकताना ते थांबते, कारण दंडाचे आणि खालच्या हाताचे मांस एकमेकांना टेकते. सरळ होताना मात्र हाडच आड येते. टेबलावर टेकतो ते कोपराचे टोक म्हणजे अल्नाचा मागचा भाग. हात सरळ केला की तो दंडाच्या हाडामागच्या खळग्यात जाऊन बसतो आणि कोपर उलट्या दिशेला जाऊ देत नाही.

रोजच्या बहुतेक कामांना ही पूर्ण हालचाल लागत नाही. जेवणे, केस विंचरणे, दार उघडणे अशी कामे साधारण ३० ते १३० अंश या टप्प्यात होतात. दुखापतीनंतर हात अगदी सरळ झाला नाही, तरी घास तोंडापर्यंत जात असेल तर बरेचसे काम चालते. म्हणूनच उपचारांत डॉक्टर या मधल्या १०० अंशांना फार महत्त्व देतात.

सरळ हात तळहात पुढे करून लोंबता ठेवला, तर कोपराखालचा भाग अंगापासून किंचित बाहेर झुकलेला दिसतो. हा कोन साधारण ५ ते १५ अंशांचा असतो आणि स्त्रियांमध्ये थोडा जास्त असू शकतो. तो दोष नव्हे. लहानपणी मोडलेले हाड वाकडे जुळले, तर हाच कोन उलटा होतो आणि कोपर बंदुकीच्या दस्त्यासारखे बाहेर निघालेले दिसते.

तळहात उताणा आणि पालथा कसा होतो?

ओंजळीत पाणी घेताना तळहात उताणे असतात. नागलीची भाकरी थापताना ते पालथे असतात. तांब्यातले पाणी ओतणे, कुलपात किल्ली फिरवणे, विळ्याने कापलेली मूठ वळवून बाजूला ठेवणे, या सगळ्यांत हात उताण्याचा पालथा किंवा पालथ्याचा उताणा होत असतो. अनेकांना वाटते की ही हालचाल मनगटात होते. ती होते कोपर आणि मनगट यांच्यामधल्या दोन हाडांत.

हे घरी तपासता येते. कोपर काटकोनात वाकवून कमरेला लावा आणि तळहात वर करा. दुसऱ्या हाताने कोपराचे टोक धरा. आता तळहात पालथा केला तरी ते टोक जागचे हलत नाही, कारण ते अल्नाचे आहे आणि अल्ना जवळपास स्थिर राहते. मग अंगठ्याच्या बाजूने मनगटाच्या थोडे वर धरून तीच हालचाल करा. तिथले हाड वळताना जाणवेल. ते रेडियस. हात उताणा असताना दोन्ही हाडे शेजारी-शेजारी, समांतर असतात. पालथा करताना रेडियस अल्नावरून आडवे जाते आणि मनगटाला सोबत घेऊन जाते.

हे फिरणे दोन टोकांवर अवलंबून असते. वर कोपरातले कडे आणि खाली मनगटाजवळ अल्ना व रेडियस यांचा दुसरा सांधा. दोन्ही मिळून दाराच्या दोन बिजागऱ्यांसारखे काम करतात. एक बिजागरी जरा तिरपी बसली तरी दार अडते. मधले हाड थोडे वाकडे जुळले किंवा मनगटाजवळचा सांधा बिघडला, तर कोपर नीट वाकते पण तळहात पूर्ण उताणा होत नाही, तो यामुळेच. दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना हात पुढे येतो, पण तळहात वर वळत नाही.

दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट पडदाही असतो. तळहात टेकून पडल्यावर मनगटातला सुमारे ८० टक्के भार रेडियसवर येतो. हा पडदा त्यातला काही भाग अल्नाकडे वळवतो.

एवढी ताकद कुठून येते?

दंडाच्या पुढच्या बाजूला दोन स्नायू महत्त्वाचे. वर दिसतो तो बायसेप्स आणि त्याच्याखाली दडलेला ब्रॅकिॲलिस. कोपर वाकवण्याचे मुख्य काम या दडलेल्या स्नायूचे. बायसेप्स वाकवण्यास मदत करतोच, शिवाय पालथा हात उताणा करणारा तो सर्वांत बलवान स्नायू आहे. म्हणून उजव्या हाताच्या माणसाला स्क्रू आवळताना दंडात ताण जाणवतो. कोपर सरळ करण्याचे काम दंडामागचा ट्रायसेप्स करतो. मुसळ खाली आणताना किंवा कुऱ्हाडीचा घाव घालताना तो कामाला येतो.

यात एक साधा हिशेब आहे. बायसेप्स रेडियसला जिथे जोडला जातो, ती जागा सांध्यापासून चार-पाच सेंटीमीटरवर असते. तळहातातले ओझे असते सुमारे ३५ सेंटीमीटरवर. तरफेच्या नियमाने कोपर काटकोनात ठेवून पाच किलोची कळशी धरली, तर स्नायूंना जवळपास ४० किलोचा ओढा द्यावा लागतो. निसर्गाने हा तोट्याचा सौदा केलेला दिसतो, पण त्यातून वेग मिळतो. स्नायू एक सेंटीमीटर आकसला की तळहात सात-आठ सेंटीमीटर सरकतो. उन्हाळ्यात विहिरीतून दोराने पाणी शेंदताना या सांध्यावर दिवसभर किती भार येत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येईल.

शेतीकामात कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते, ते काय असते?

सुरगाण्यातील अनेक कुटुंबे भाताची आवणी आणि कापणी आटोपली की दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. छाटणीच्या दिवसांत कात्री हजारो वेळा दाबावी लागते. हातगड, बोरगाव परिसरात स्ट्रॉबेरीची तोडणीही याच प्रकारची, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याची. मूठ आवळताना मनगट स्थिर राहावे म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणलेले राहतात. ते सगळे कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला एका छोट्या जागेत जोडलेले असतात. तिथल्या कंडरेची झीज झाली की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागते. कळशी उचलताना किंवा कपडे पिळताना कळ येते.

याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. त्रास होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात घेतलेली नसते. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये याच दुखण्यामुळे काही काळ मैदानाबाहेर राहावे लागले आणि २००५ मध्ये त्याच्या डाव्या कोपरावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. पण शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येणारे रुग्ण थोडे. कामाची पद्धत बदलणे, विश्रांती आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम, यांनी बहुतेकांचे दुखणे वर्षभरात आटोक्यात येते. कात्रीला धार असणे, मूठ हाताला बसेल अशी असणे आणि मध्ये हात मोकळा करणे, एवढ्यानेही ताण कमी होतो.

कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ते वेगळे. कोपराच्या आतल्या बाजूला उंचवट्यामागून अल्नर नावाची नस जाते. तिच्यावर मांसाचे आवरण नसते, त्यामुळे नेमका आघात झाला की करंट लागल्यासारखे वाटते.

मुलांचे हाड कोपराच्या वरच का मोडते?

दंडाचे हाड वर नळीसारखे गोल असते, पण कोपराच्या जरा वर ते चपटे होते. तिथे पुढे आणि मागे खळगे असल्याने मधला भाग पातळ असतो. वाढत्या वयात हा भाग आणखी नाजूक असतो. मूल हात सरळ टेकून पडले की कोपराचे टोक मागच्या खळग्यात पाचरीसारखे रेटले जाते आणि पातळ भाग मोडतो. मुलांमधील कोपराच्या अस्थिभंगांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते.

खरी अडचण हाडाची नसते. हाड मोडते त्या जागेच्या अगदी पुढून हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जाते आणि तिच्या शेजारून बोटांकडे जाणाऱ्या नसा. हाडाचे तुटलेले धारदार टोक पुढे सरकले तर ती दाबली जाऊ शकते, क्वचित फाटूही शकते. अशा हाताला ‘सांधा बसवण्यासाठी’ झटका दिला किंवा चोळले, तर सरकलेले टोक आणखी इजा करू शकते.

लहान मुलांचा एक्स-रे वाचणेही सोपे नसते. कोपराच्या हाडांचे काही भाग सुरुवातीला कूर्चेचे असतात आणि कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. वेगवेगळ्या वयांत सहा ठिकाणी हाड तयार होत जाते. त्यामुळे कधी कधी तुलनेसाठी चांगल्या हाताचाही एक्स-रे काढतात. तो पैसे वाढवण्याचा प्रकार नसतो.

घट्ट बांधल्याने नेमके काय होते?

हाड मोडल्यावर सूज येतेच. कोपराखालचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या पडद्यांच्या बंद कप्प्यांत असतात. सुजेला पसरायला जागा नसली की कप्प्यातला दाब वाढतो. त्यावर बाहेरून बांबूच्या कामट्या किंवा पट्टी करकचून बांधली, तर दाब दोन्हीकडून येतो. बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. साधारण सहा तास असे राहिले, तर स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. त्याची जागा कडक ऊतक घेते, ते आकसते आणि बोटे आत वळून पंजा नख्यांसारखा होतो.

जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्याचा संबंध घट्ट पट्टीशी जोडला. आजही हा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो एकदा पक्का झाला की शस्त्रक्रियेनेही हात पूर्वीसारखा होत नाही. हाड वाकडे जुळले तर ते पुढे सरळ करता येते. वेळ आणि दाब यांनी मारलेल्या स्नायूबाबत तशी सोय नसते.

गावातले हाडवैद्य वर्षानुवर्षे लोकांच्या अडीअडचणीला धावून आलेले असतात आणि त्यांच्यावरचा विश्वास त्यातूनच आलेला आहे. पण बाहेरून हात लावून आत धमनी दाबली गेली आहे का, हे त्यांना कळू शकत नाही. डॉक्टरांनाही त्यासाठी एक्स-रे आणि तपासणी लागते. रुग्णालयातले प्लास्टरही सूज वाढल्यावर घट्ट होऊ शकते. त्यामुळे तिथून घरी आल्यावरही पुढची लक्षणे पाहत राहावे.

धोक्याची लक्षणे कोणती?

मुलाचे दुखणे कमी होण्याऐवजी तासागणिक वाढत असेल, औषध देऊनही ते रडायचे थांबत नसेल, तर ते पहिले लक्षण समजावे. बोटे हळूच सरळ केली असता मूल किंचाळत असेल, तर ते त्याहून गंभीर. बोटे पांढुरकी किंवा निळसर, थंड पडणे, मुंग्या येणे, बधिर होणे, मुलाला बोटे स्वतः हलवता न येणे ही पुढची लक्षणे. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. कप्प्यातला दाब वाढलेला असतानाही नाडी लागू शकते.

पहिल्या तासांत घरच्यांनी काय करावे?

हात ज्या स्थितीत आहे, त्याच स्थितीत ठेवावा. तो सरळ करण्याचा किंवा पूर्ण वाकवण्याचा प्रयत्न करू नये. बांगड्या, कडे, अंगठी, मनगटाचा दोरा लगेच काढावा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. पुठ्ठा, घडी केलेली जाड वर्तमानपत्रे किंवा फळीचा तुकडा आधाराला लावून कोपराच्या वर आणि खाली कापडाने सैल बांधावे. कापडाखाली बोट सहज जायला हवे. बोटे उघडी ठेवावीत आणि त्यांचा रंग व ऊब दर थोड्या वेळाने पाहावी. तेल, लेप, चोळणे टाळावे. जखमेतून रक्त किंवा हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाकावे. भूल देण्याची वेळ येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी पाहीपर्यंत खायला देऊ नये.

वेळेचा हिशेब सुरगाण्यात वेगळा मांडावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय आहे, कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे ९० किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागू शकते. वाहन मिळाल्यावरही घाटरस्त्याने दोन-अडीच तास जातात. पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत येण्याचा, गाडी शोधण्याचा वेळ वेगळा. सहा तासांतले निम्मे तास असे रस्त्यातच संपतात. संध्याकाळी पडलेल्या मुलाला ‘सकाळी बघू’ म्हणून घरी ठेवले, तर उरलेलेही संपतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. मोबाइलला रेंज नसेल तर आशा सेविकेला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोप द्यावा.

हाड सरकलेले नसेल तर साधारण तीन आठवड्यांच्या प्लास्टरने काम भागते. सरकलेले असेल तर भूल देऊन ते जागेवर बसवतात आणि बारीक तारा घालून धरून ठेवतात. तीन-चार आठवड्यांनी तारा काढतात. वेळेत उपचार झाल्यास बहुतेक मुलांचा हात पूर्ववत होतो. दबलेल्या नसाही बहुधा काही महिन्यांत काम करू लागतात.

लहान बाळाला हाताने उचलल्यावर ते हात हलवेनासे होते, तेव्हा?

एक ते चार वर्षांच्या मुलांत हा प्रकार दिसतो. दोन्ही हात धरून झोका दिला किंवा रस्ता ओलांडताना एका हाताला हिसका बसला, की रेडियसचे डोके त्या तंतूंच्या कड्यातून किंचित निसटते. सूज नसते, पण मूल हात अंगाशी पालथा धरून ठेवते आणि वापरत नाही. डॉक्टर एका साध्या हालचालीने ते जागेवर आणतात आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खाऊ मागते. मात्र मूल पडले असेल किंवा सूज असेल, तर हाड मोडलेले नाही ना हे आधी पाहावे लागते. म्हणून हा प्रयोग घरी करू नये. बाळाला उचलताना हात धरून न उचलता काखेत धरून उचलावे.

प्लास्टर निघाल्यावर मालिश करावी का?

प्लास्टर निघाल्यावर कोपर आखडलेले असते. तेव्हा घरची मंडळी गरम तेल घेऊन बसतात आणि हात जोर लावून सरळ करतात. कोपराच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे आहे. जोरकस मालिशीने दुखावलेल्या स्नायूंत नको त्या जागी हाड तयार होऊ शकते आणि सांधा कायमचा अडकू शकतो. मुलांमध्ये बहुतेकदा कोणी काही न करता, खेळता-खेळता हालचाल परत येते. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. मुलाने स्वतः जेवढा हात वाकवला-सरळ केला, तेवढा व्यायाम पुरेसा. मोठ्या माणसांनी फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम स्वतःच्या ताकदीने करावेत. महिन्याभरात काहीच फरक दिसत नसेल किंवा तळहात उताणा होत नसेल, तर पुन्हा दाखवावे.